न दिसणारा धूर

तर्कशास्त्राचा अभ्यास आपल्याकडे पूर्वापार एका उदाहरणाने सुरू होतो. डोंगरावर धूर दिसतो आहे, त्याअर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे ते उदाहरण होय. अनुमान बिनचूक आहे. परंतु त्याच शास्त्रकारांनी विद्यार्थ्यांना एक सावधगिरीची सूचनाही देऊन ठेवली आहे. जेथे धूर आहे तेथे अग्नी आहे असे म्हणता येते. जेथे अग्नी आहे तेथे धूर असतोच, असे मात्र म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहावा. त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. यास्तव धूर दिसत नाही एवढ्यावरून अग्नी विझला असा निष्कर्ष काढणारा मनुष्य फसतो, आणि गोळ्याला हात लावला तर भाजतोही.

मोठ्या शहरांच्या हवेचा विचार करताना हा जुना पाठ फार उपयोगी पडतो. एखाद्या शहराची हवा सुधारली की बिघडली हे लोक सहसा डोळ्यांनी ठरवितात. एका हिवाळ्यात धुके दाट पडले तर हवा बिघडली म्हणतात. पावसाने आकाश धुऊन निघाले तर सुधारली म्हणतात. वस्तुतः हवेची खरी वाटचाल एका हिवाळ्यात दिसत नाही. ती दशकांच्या आणि शतकांच्या हिशेबात पाहावी लागते. असा दीर्घ हिशेब ज्या शहराविषयी मांडता येतो त्यात लंडनचे नाव अग्रभागी आहे. त्या शहराने धुराशी सातशे वर्षे झुंज दिली, डोळ्यांना दिसणारा धूर जिंकलाही, आणि त्यानंतर त्याला कळून आले की लढाईचा अर्धाच भाग संपला आहे.

प्रथम ज्या वस्तूविषयी बोलावयाचे ती समजून घेतली पाहिजे. हवेत तरंगणाऱ्या कणांचे माप मायक्रॉनमध्ये देतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम २.५ अशी संज्ञा आहे. धुळीचे जाड कण नाकातील केसांत व घशातील ओलाव्यात बहुतांशी अडकतात. शिंक आणि खोकला हे त्यांचे पहारेकरी होत. अडीच मायक्रॉनहून लहान कण मात्र हे पहारे चुकवून फुप्फुसांच्या शेवटच्या सूक्ष्म कोशांपर्यंत पोचतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणूनच त्यांचा उपद्रव दम्यापुरता राहत नाही. हृदयविकार आणि मेंदूतील रक्तस्राव यांच्याशीही त्यांचा संबंध जोडला गेला आहे. हवेत किती कण आहेत हे एका घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम, या रीतीने सांगतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पुढे जे आकडे येतील ते याच मापाचे समजावेत.

आता लंडनकडे वळू. तेथील जंगले तुटून जळणाचे लाकूड महाग होऊ लागले, तसा ईशान्येकडील न्यूकॅसलच्या खाणींतील कोळसा जहाजांनी लंडनला येऊ लागला. समुद्रमार्गे येई म्हणून त्याला सागरी कोळसा असे नावच पडले. त्याच्या धुराला लोक इतके त्रासले की चौदाव्या शतकाच्या प्रारंभी, पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दीत, तो जाळण्यास बंदी करण्यात आली. बंदी कागदावरच राहिली, कारण कोळशाला पर्याय नव्हता. १६६१ मध्ये जॉन इव्हेलिन या विद्वान गृहस्थाने लंडनच्या धुरावर ‘फ्युमिफ्युजियम’ नावाची पुस्तिका लिहून ती दुसऱ्या चार्ल्स राजास सादर केली. धूर ओकणारे धंदे शहराबाहेर न्यावेत आणि शहराभोवती सुगंधी झाडाझुडपांचे बगीचे लावावेत, अशी त्याची सूचना होती. राजाने ती ऐकून घेतली. कोळसा जळत राहिला.

पुढील दोन शतकांत लोकसंख्या वाढली, तशा चुली वाढल्या आणि चुलींबरोबर धूर वाढला. त्या काळी हवा मोजण्याची यंत्रे नव्हती. तेव्हा जुन्या काळातील धुराचा अंदाज कसा करावयाचा, हा प्रश्न येतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ पीटर ब्रिंबलकोम यांनी यावर युक्ती योजली. बंदरात किती कोळसा उतरला याच्या नोंदी जकातीसाठी जपलेल्या होत्या. तेवढा कोळसा तेवढ्या विस्ताराच्या शहरात जळला तर हवेत काजळी किती राहील, हे त्यांनी गणिताने काढले. त्यातून जी रेषा निघाली ती शतकानुशतके चढत जाते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिखर गाठते आणि मग उतरू लागते. म्हणजे लंडनचा धूर कायद्याने आटोक्यात येण्याच्या अर्धशतक आधीच उतरणीस लागला होता. शहर बाहेरच्या बाजूस पसरले, घरे विरळ झाली, स्वयंपाकासाठी गॅस आला, ही त्याची कारणे होत. ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ या दोन शब्दांचा सांधा करून ‘स्मॉग’ हा शब्द १९०५ मध्ये डॉ. देव्हो यांनी प्रचारात आणला, तेव्हा तो रोग जुना झालेला होता. नवे होते ते नाव.

तथापि उतरणीस लागलेली वस्तू निरुपद्रवी झाली असे नव्हे. हे लंडनला शुक्रवार, ५ डिसेंबर १९५२ रोजी कळले. सामान्यतः जमिनीलगतची हवा तापते, हलकी होते आणि धूर घेऊन वर चढते. परंतु थंडीच्या शांत रात्री जमीन लवकर निवते. खाली गार, जड हवा आणि वर उबदार हवा, अशी उलटी मांडणी होते. मग पातेल्यावर झाकण घालावे तशी ती उबदार हवा शहरावर बसते आणि खालचा धूर कोंडून राहतो. त्या शुक्रवारपासून मंगळवार, ९ डिसेंबरपर्यंत लंडनवर असे झाकण बसले होते. थंडी कडाक्याची, म्हणून घरोघरी शेगड्या पेटलेल्या. त्यात युद्धोत्तर काळात चांगला कोळसा परदेशी विकून राष्ट्राचे कर्ज फेडले जात होते आणि घरांच्या वाट्यास भुकटमिश्रित हलका कोळसा येत होता. बसचे वाहक हाती मशाली घेऊन बसपुढे चालत. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुके शिरल्यामुळे चालू संगीतिका मध्येच थांबवावी लागली. स्मिथफील्डच्या प्रदर्शनात आणलेली धडधाकट गुरे गुदमरून मेली. काही ठिकाणी दिवसभराच्या सरासरीने काजळीचे प्रमाण चार हजारांच्या वर गेले.

त्या पाच दिवसांत शहरात आकांत झाला असेल असे वाटते. पण तसे घडले नाही. माणसे आपापल्या घरी, आपापल्या बिछान्यात मेली. वृद्ध, तान्ही मुले, छातीचे जुने रोगी. मृत्यूंची नोंद एकत्र केल्यावरच अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले की नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक दगावली आहेत. पुढील महिन्यांतही मृत्यूंचे प्रमाण चढेच राहिले. सरकारने त्याचे खापर इन्फ्लुएंझावर फोडले. अर्धशतकानंतर, २००१ मध्ये, संशोधकांनी तो हिशेब पुन्हा मांडला आणि एकूण बळींचा अंदाज १२,००० च्या आसपास केला. एवढी माणसे जातात आणि शहराला त्याचा पत्ता नोंदवहीतून लागतो, हे या विषयाचे सर्वांत कठोर सत्य आहे. पूर आला, आग लागली तर दिसते. श्वासाचा बळी दिसत नाही.

यानंतर सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९५४ मध्ये आला आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. या कायद्याचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. त्यापूर्वीचे कायदे कारखान्याच्या चिमणीला दंड करीत. घरातील चुलीला हात लावण्याचे धैर्य कोणास नव्हते. कोळशाच्या विस्तवाभोवती कुटुंब बसते, हे इंग्रज माणसाच्या घराचे चित्र. आपल्याकडे एखाद्याच्या अंगणातील बंब आणि माजघरातील शेगडी सरकारने येऊन विझवावी, तसेच ते होते. नव्या कायद्याने नगरपालिकांना धूरनियंत्रित विभाग ठरविण्याचा अधिकार दिला. त्या विभागात निर्धूर इंधनच जाळावयाचे. पण त्याबरोबर शेगडी बदलण्याच्या खर्चाचा बहुतेक भार सार्वजनिक तिजोरीने उचलला. दहा भागांपैकी सात भाग सरकार व नगरपालिका देत, तीन भाग घरमालक देई. एडवर्ड राजाची बंदी फसली आणि ही टिकली, याचे कारण येथे आहे. पर्याय हाती न देता केलेली मनाई गरिबाला थंडीत कुडकुडत ठेवते. म्हणून ती पाळली जात नाही.

फळ लगेच आले नाही. डिसेंबर १९६२ मध्ये पुन्हा दाट स्मॉग पडला आणि शेकडो लोक दगावले. परंतु विभागामागून विभाग निर्धूर होत गेला. १९६७ ते १९७७ या काळात उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू घरोघरी पोचला आणि कोळशाची गरजच संपली. शहराच्या मध्यभागातील बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये आणि बॅटरसी १९८३ मध्ये बंद पडले. १९५० च्या दशकाअखेर काजळीची वार्षिक सरासरी शंभराच्या वर होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास ती पन्नासाच्या खाली आली. हिवाळ्यात लंडनच्या मध्यभागी सूर्य अधिक वेळ दिसू लागला. काळ्या पडलेल्या इमारती धुतल्या गेल्या, तेव्हा कित्येकांना आपल्या शहरातील दगडाचा खरा रंग प्रथमच दिसला. एका पिढीच्या आयुष्यात एवढे मोठे शहर बदलू शकते, याविषयी शंका घेण्यास जागा उरली नाही.

येथेच गोष्ट संपावयास हवी होती. पण एक गोष्ट राहून गेली होती. या सगळ्या लढाईत माप डोळ्यांचे होते. कायद्यातील ‘काळ्या धुरा’ची व्याख्यासुद्धा रिंगेलमान यांच्या तक्त्यावर आधारलेली होती. त्या तक्त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा असत. चिमणीचा धूर क्रमांक दोनच्या छटेइतका वा त्याहून गडद असला की तो काळा धूर. हवेतील धूर मोजण्याची रीतही तशीच होती. ठराविक हवा पांढऱ्या कागदातून ओढावयाची आणि कागद किती काळवंडला ते पाहावयाचे. कोळशाच्या काळात हे माप चोख होते, कारण तेव्हाचा विषारी कण बहुधा काळा असे. जो कण काळा नाही, त्याची दखल मात्र या मापाने घेतली जात नव्हती.

आणि शहरातील अग्नी विझलेला नव्हता; त्याने जागा बदलली होती. शेगडीतून निघून तो मोटारीच्या इंजिनात जाऊन बसला होता. डिसेंबर १९९१ मध्ये लंडनवर पुन्हा झाकण बसले. या वेळी कोंडला तो मुख्यतः वाहनांचा धूर. सुमारे १६० अधिक मृत्यूंचा अंदाज करण्यात आला. दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हजारो नागरिकांच्या आरोग्याचा मागोवा त्यांनी वर्षानुवर्षे घेतला होता. धूम्रपानादी कारणे हिशेबातून वजा केल्यावरही, सूक्ष्मकण सर्वाधिक असलेल्या शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी अधिक निघाले. ही शहरे काही १९५२ चे लंडन नव्हती. तेथील आकाश सामान्य माणसाला स्वच्छच वाटले असते. तेव्हापासून प्रश्न बदलला. धूर किती काळा, हे विचारणे मागे पडले. कण किती सूक्ष्म, हे विचारणे सुरू झाले.

एक विपर्यासही याच काळात घडला. कार्बन डायॉक्साइड कमी सोडते म्हणून २००१ पासून ब्रिटनमधील मोटारकराची रचना डिझेल गाडीला अनुकूल झाली. पृथ्वीच्या उष्णतेचा विचार करून घेतलेल्या या निर्णयाने रस्त्यावरील सूक्ष्मकण वाढविण्यास हातभार लावला. पुढे ती चूक दुरुस्त करण्याचे प्रयत्न झाले. २००८ मध्ये जड वाहनांसाठी आणि ८ एप्रिल २०१९ पासून मध्य लंडनमधील सर्व जुन्या, धुरकट वाहनांसाठी शुल्काचा विभाग ठरविण्यात आला. २९ ऑगस्ट २०२३ रोजी तो संपूर्ण लंडनला लागू झाला. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणाऱ्या गाळण्या आल्या. त्यामुळे २०१० च्या सुमारास पंधराच्या आसपास असलेले पीएम २.५ चे वार्षिक प्रमाण शहराच्या बऱ्याच भागांत दहाच्या खाली आले.

मधल्या काळात या आकड्यांना एक चेहरा मिळाला होता. दक्षिण लंडनमधील एका गजबजलेल्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी दम्याच्या झटक्यांनी वारंवार रुग्णालयात जात असे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती मरण पावली. आईने पाठपुरावा केल्यावर मृत्यूची पुन्हा चौकशी झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायाधिकाऱ्याने हवेचे प्रदूषण हे तिच्या मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदविले. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या नोंदीत असे कारण लिहिले गेल्याची ही पहिलीच वेळ. १९५२ मध्ये जे हजारो गेले त्यांच्या नोंदीत खोकला होता, हृदयविकार होता, हवा नव्हती.

आता जे कण उरले आहेत ते कोठून येतात, हे पाहिले म्हणजे लढाई अवघड का झाली ते कळते. गाडीचा धूर कमी झाला, तेव्हा ब्रेक आणि टायर झिजून उडणारे कण पुढे आले. विजेवर चालणारी गाडीही ते टाळू शकत नाही. शोभेसाठी घरोघरी लाकडाच्या शेगड्या पुन्हा आल्या, आणि १९५६ मध्ये ज्या विस्तवाला निरोप दिला तो मागल्या दाराने परत आला. शिवाय लंडनच्या सूक्ष्मकणांपैकी निम्म्याच्या आसपास भाग शहराबाहेरून येतो. शेतातील खत आणि गुरांचे शेण यांतून उठणारा अमोनिया वाहनांच्या वायूंशी मिळून हवेतच नवे कण घडवितो, आणि वारा ते शेकडो मैल वाहून नेतो. असा कण कोणत्याही चिमणीतून निघालेला नसतो. त्याला दंड कोणी करावा?

दरम्यान स्वच्छतेची व्याख्याही कडक होत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा २००५ मध्ये १० ठेवली होती; २०२१ मध्ये ती ५ वर आणली. म्हणून लंडनचा आकडा खाली येऊनही पुरेसा ठरत नाही. यात विरोध काही नाही. हवा सुधारली आहे हेही खरे, आणि अपाय उरला आहे हेही खरे. दीर्घ काळचा आलेख वाचताना ही दोन्ही विधाने एकदम ध्यानात ठेवावी लागतात. त्याशिवाय आणखी एक पथ्य आहे. काळ्या कागदाचा आकडा आणि वजनाने काढलेला आकडा या दोन निराळ्या वस्तू आहेत. आणे आणि नवे पैसे एकाच रकान्यात मांडून बेरीज करू नये, तसे हे आकडे एका रेषेवर सरळ जोडू नयेत. तसेच एखाद्या वर्षी वारा-पाऊस अधिक झाला तर त्याचे श्रेय कायद्याला देऊ नये. पाच-दहा वर्षांची सरासरी पाहावी.

या इतिहासाचा आपल्याशी संबंध जुना आहे. लंडनच्या धूरनिरीक्षणाची पद्धत ब्रिटिश राजवटीबरोबर इकडेही आली. धुराच्या उपद्रवाचा कायदा बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबई इलाख्यात १९१२ साली झाला. गिरण्यांच्या चिमण्यांवर नजर ठेवणे हा त्याचा हेतू. पुढे स्वतंत्र भारतात १९८१ मध्ये हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दिल्लीच्या बसगाड्या २००२ अखेर डिझेल सोडून नैसर्गिक वायूवर चालू लागल्या आणि त्यांच्या मागचा काळा लोट नाहीसा झाला. तरीही दिल्लीतील पीएम २.५ चे वार्षिक प्रमाण अलीकडील वर्षांत शंभराच्या आसपास राहिले; २००९ मध्ये ठरलेली भारतीय मर्यादा ४० आहे. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या यादीत तर ग्वाल्हेरचे नाव जगातील अतिप्रदूषित शहरांत अगदी वर होते.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद ही शहरे त्यात आहेत. या कार्यक्रमात प्रगती मुख्यतः पीएम १० वरून, म्हणजे जाड धूळ जीत येते त्या मापावरून जोखली गेली. रस्ते झाडले, पाणी शिंपडले, तर ते माप खाली येते आणि शहर चकचकीतही दिसते. ते करावयास हवेच. परंतु लंडनची शिकवण अशी की डोळ्यांना दिसणारी धूळ हटली म्हणजे फुप्फुसांत उतरणारा कण हटला असे नाही. त्याच्यासाठी इंधन बदलावे लागते, आणि ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला ते बदलण्यास हात द्यावा लागतो. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅस नेला, ते पाऊल १९५६ च्या शेगडी-अनुदानाच्याच जातीचे होते. सिलिंडर पुन्हा भरून घेणे त्या गृहिणीला परवडते की नाही, यावर पुढचे अवलंबून आहे.

सकाळी आकाश निळे दिसले म्हणजे मनाला बरे वाटते, आणि वाटावेही. मात्र आपल्या शहराच्या हवेचा निवाडा करावयाचा असेल, तर मोजमाप केंद्राच्या फलकावर पीएम २.५ चा आकडा कोणता आहे हे पाहावे, आणि दहा वर्षांपूर्वी तो किती होता हे विचारावे. लोखंडाचा गोळा निवला की नाही हे धूर पाहून कळत नाही.